बिनआवाजाची सायकल

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, आमचं राज्य नवं झालं त्या वर्षी घेतलेली अनंतरावांची माउंटन बाइक गल्लीच्या तोंडापासूनच खडखडायची. ते दारात पोचत तेव्हा बुढापारा मोहल्ल्यातलं त्यांचं घर चिडीचूप असायचं. "शिस्त आहे आमच्या घरी," ते अभिमानानं सांगत.

मुलानं, अनिमेषनं, नवी माउंटन बाइक आणली. "मक्खन चालते बाबा, आवाजच नाही!"

पहिल्याच दिवशी अनंतराव फाटकाशी उतरले आणि थबकले. आत बायको गात होती, सून खो-खो हसत होती, नात हुबेहूब त्यांच्या आवाजात सगळ्यांना दरडावत होती.

ते आत गेलेच नाहीत. बुढा तालाबच्या तळ्याभोवती दोन चकरा मारून मग घरी आले.

जेवताना अनिमेषनं विचारलं, "कशी वाटून राहिली नवी?"

"बढिया. घर ऐकू येते."