भैयालालचं खरं वय

"वय?" हर्षाने विचारलं.

"एकसष्ट," भैयालालने छाती काढून सांगितलं. आत त्याच्या बायकोच्या, सिंधुताईंच्या, हातातली पळी थांबली.

हर्षा आहारशास्त्र शिकून नुकतीच सिविक सेंटरच्या एका दवाखान्यात बसायला लागली होती. पहिला पेशंट तिने घरातच धरला. बाबांची साखर वाढली होती. तीन महिन्यांत उतरली नाही तर रोज सुई, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भैयालालला सुईचं भय नव्हतं, भात जाईल याचं होतं. त्याच्याएवढा भाताचा डोंगर साऱ्या खुर्सीपार वस्तीत कोणी संपवत नसे, आणि हे तो पोलाद कारखान्याच्या भट्टीवरून रिटायर झाल्यावरही ऐटीत सांगत असे.

"काही न करता नुसतं पडून राहिलं, तरी शरीर किती जाळते, ते काढून राहिली मी," हर्षा म्हणाली. "वय वाढलं की जळणं कमी होते."

"आन भात?"

"भात बी कमी."

"मंग एकसष्टच लिही."

सिंधुताई पळीसकट बाहेर आल्या. "अजी, पोरीले तरी खरं सांगा! पासष्ट लिही वो हर्षा. कारखान्याच्या भरतीत वय बसत नव्हतं, तं चार वर्षं कमी लिहून आले होते हे."

हर्षाने एकसष्टवर काट मारली. एवढी वर्षं घरात मुरवलेलं गुपित एका दमात बाहेर पडलं होतं. भैयालालची मान खाली गेली.

तिने पुन्हा हिशेब केला आणि तिला हसू फुटलं. "बाबा, चार साल का फर्क सिर्फ चोवीस कॅलरी! दोन चमचे भात."

"दोनच?" भैयालाल एकदम खुलला. "आन मी हरेक मेडिकल तपासणीले घाम पुसत होतो! वाढ वो भात."

नेहमीचा डोंगर ताटात आला.

"थांबा. काम काय लिहू?"

"भट्टी. अजून काय?"

"ते मागच्या सालापर्यंत. आता दिवसभर काय करता?"

भैयालालने खाटेकडे पाहिलं. दिवसभर न उचललेल्या अंथरुणात उत्तर तिथेच पसरलं होतं.

हर्षाने कागदावर दोन आकडे लिहून पुढे केले. तो भट्टीवर होता तेव्हाच्या दिवसाला अठ्ठावीसशे कॅलरी, आताच्या अठराशेही नाहीत. "वरचे हजार त्या भट्टीचे होते, बाबा. तुमचे नाही."

त्याने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. आच किती आणि माल किती घालायचा, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने सिंधुताईंच्या हातातून पळी घेतली, हात न लावलेला डोंगर मधोमध कापला आणि अर्धा भात पातेल्यात परत टाकला.

"झाक वो," तो म्हणाला. "हा भट्टीचा वाटा होता. आता तिले कोणी दुसरा जेवू घालून राहिला असंन."