सातवी पायरी

शेषेराव सरांनी मेल भिंतीवर मोठा करून दाखवला आणि पालकांकडे वळून सांगितलं, परदेशातून आपल्या क्लासचं कौतुक आलंय. मेलची सुरुवात ‘डिअर शेषेराव’ अशी होती. तेवढं तर सगळ्यांनाच वाचता आलं.

लातूरमध्ये कशाचीही बॅच निघते. नीटची निघते, जेईईची निघते, तशी यंदा ओपन सोर्सची निघाली. जगात काही सॉफ्टवेअर असं असतं, की कुणीही ते फुकट घ्यावं, उघडून बघावं, बिघाड सापडला तर दुरुस्त करून परत पाठवावं. त्यासाठी आधी आपला कॉम्प्युटर तयार करावा लागतो, आणि त्यात अडखळत, शोधत शिकायचं असतं. पण पोरं स्वतःच शोधायला लागली तर क्लास कशाला? सरांनी त्या तयारीच्या एकोणीस पायऱ्या केल्या, तीनदा वहीत लिहून घेतल्या आणि दर शनिवारी त्यांची टेस्ट ठेवली.

सातव्या पायरीवर काम करणाऱ्यानं आपलं नाव आणि मेलचा पत्ता घालायचा असतो. सरांनी नमुना म्हणून फळ्यावर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला. साठ पोरांनी ते जसंच्या तसं आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवलं. नमुना उत्तरातला स्वल्पविरामही हलवायचा नाही, हे त्यांच्या अंगात दहावीपासून मुरलेलं. सर, इथं आमचं नाव नको का, असं एकानंही विचारलं नाही. नाझनीनही त्या साठांतलीच. तिला शहाणी म्हणायचं कारण नाही.

फरक एवढाच, की बाकीचे एकोणीस पायऱ्या चढून वरच बसले आणि तिनं खरंच एक काम केलं. मोबाईलवर बातम्या वाचून दाखवणारा असाच एक फुकटचा प्रोग्रॅम तिची दादी खातूनबी रोज ऐकायची. म्हातारीला दिसत नव्हतं. बातमीत १.५ आलं की तो ‘एक टिंब पाच’ म्हणायचा आणि खातूनबी त्याला शिव्या घालायची. नाझनीननं पंधरा दिवस खपून त्याला दीड म्हणायला शिकवलं, अडीच म्हणायला शिकवलं आणि ती दुरुस्ती पाठवून दिली. काम पसंत पडलं की करणाऱ्याचं नाव त्या प्रोग्रॅमसोबत जगभर जातं, असं तिनं घरी सांगून ठेवलं होतं. म्हणून तिचे अब्बा तय्यबभाई आज टेलरिंगचं दुकान बंद ठेवून मागच्या रांगेत बसले होते.

नाव गेलं सरांचं. उत्तरही सरांच्याच मेलवर आलं.

ती उठून पुढे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, काम माझं हाय. नाव माझं पाहिजे.”

“नाव तूच घातलंस ना? मी हात धरला होता का?” सर हसत म्हणाले. “आणि नोट्स कुणाच्या?”

चोर तो चोर, वर शिरजोर. पण मेलला खाली आणखी दोन ओळी होत्या. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माणसानं विचारलं होतं, हे तुम्ही कसं तपासलं? तेवढं कळवा, आजच घेतो. सरांनी त्या ओळी मनात दोनदा वाचल्या. उत्तर नोट्समध्ये नव्हतं. मग त्यांनी नाझनीनलाच आपल्या खुर्चीत बसवलं, पालकांना सांगितलं की आमची विद्यार्थिनी आता तुमच्यासमोर उत्तर देईल, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “कसं तपासलं ते टाक. खाली माझं नाव आपोआप येतं.”

नाझनीन टाईप करायला लागली. भिंतीवर एकेक इंग्रजी ओळ उमटत गेली. मी शेषेराव नाही. माझं नाव नाझनीन. सरांचं नाव मी विचार न करता घातलं, चूक माझी. सरांनी यातली एकही ओळ लिहिलेली नाही. माझ्या दादीला दोनशे वाक्यं ऐकवून तपासलं. बारा ठिकाणी तिनं मला थांबवलं, तिथं मी दुरुस्ती केली.

सरांचा हात माऊसपर्यंत पोचायच्या आत तिनं ते पाठवून दिलं.

बॅचमधल्या सगळ्या पोरांनी वाचलं आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं पालक आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागले. बाकीच्यांना इंग्रजी येत नव्हतं.

मागून तय्यबभाईंनी विचारलं, “सर, पोरीनं काय लिवलं हो?”

“आभार मानलेत,” सर म्हणाले, आणि टाळ्यांना सुरुवातही त्यांनीच केली.