पत्त्याची कोरी जागा

“एवढं शिकलात, आणि साधा घर नंबर सांगता येत नाही?” आई संगणक दुरुस्तीवाल्यावर करवादली. तिच्या मांडीवर स्वेटरचं पार्सल होतं, त्यावरची पत्त्याची जागा दोन वर्षं कोरी. घर सोडून गेलेल्या मुलाला ती ईमेलवर पत्ता विचारायची. त्याचं उत्तर एकच, ‘बरा आहे.’ “मावशी, ईमेलसोबत इंटरनेटचा आयपी पत्ता येतो, त्यावरून फार तर शहर कळतं, दार नाही.” “मग शहर सांगा!” परवाचं उत्तर एका देशातून आलेलं, कालचं दुसऱ्या, आजचं तिसऱ्याच. असे पत्ते मुद्दाम बदलता येतात हे दुरुस्तीवाल्याला ठाऊक होतं. “रोज नवा देश,” तो पुटपुटला. “पायाला भिंगरीच लागलीय लेकाच्या!” आई कौतुकाने हसली. मुलगा गेला तेव्हा त्याच्या कपाळावर तीन टाके होते; ते कशाचे, हा विषय घरात निघत नसे. खिडकीशी पाठमोरा उभा असलेला बाप म्हणाला, “फिरत नाहीये तो. लपतोय. माझ्यापासून.”