मैत्रेयीचं रक्त

"रिपोर्ट चुकला असंल, मॅडम," नलू म्हणाली.

दवाखान्यातल्या समुपदेशक सुरभीनं नलूच्या मुलीच्या, मैत्रेयीच्या, रक्ततपासणीचा कागद पुन्हा वाचला. मारेगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांना तिनं सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार समजावून सांगितला होता. हे असं कधी झालं नव्हतं.

नलूला स्वतःला तो आजार होता. थंडी पडली की हाडं ठणकायची, आठवडा आठवडा उठवत नसे. अशा आईच्या पोटचं मूल आजारी नसलं, तरी वाहक असतंच, म्हणजे तो दोष रक्तात घेऊनच जन्मतं. मैत्रेयीच्या रक्तात मात्र दोषाचा मागमूस नव्हता.

"मग चांगलंच झालं ना?" शेजारी बसलेली मैत्रेयी घाईनं म्हणाली. "आता लग्नाले अडचण नाही."

ज्याच्याशी लग्न ठरत होतं, तो संघदीप वाहक होता. मुलगीही वाहक निघाली तर पोरांना पुरा आजार होऊ शकतो. म्हणून त्याच्या वडलांनी, वामनरावांनी, आधी तपासणी मागितली होती.

"असं होऊच शकत नाही," सुरभी म्हणाली. "मावशी, मलाच काही कळेना. रक्त पुन्हा घेऊ."

"पुन्हा कायले?" मैत्रेयीचा आवाज चढला.

"खात्री झाल्याशिवाय मी वामनरावांना होकार कसा कळवू?"

नलूनं एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग उठून दार लोटून आली.

"पुन्हा घेऊ नका, मॅडम. रिपोर्ट बराबर आहे."

"पण मावशी, आत्ताच तर तुम्ही..."

"माह्या पोटची नाही ते." नलूनं खुर्चीची पाठ धरली. "यवतमाळच्या दवाखान्यात माह्या बाजूच्या खाटेवर एक बाई होती. माहं बाळ जन्मतःच गेलं होतं. तिनं आपली पोर माह्या ओटीत टाकली अन् निघून गेली. घरी सांगितलं, माहीच हाय. माह्या नवऱ्यालेबी तो मरेपर्यंत सांगितलं नाही."

मैत्रेयी पांढरीफटक पडली होती.

"आई, हे काहून सांगितलं तू?"

"तुह्या लग्नापायी, बाई. रक्तच बोलून गेलं, मी किती दिवस लपवू?"

मैत्रेयीनं टेबलावरचा रिपोर्ट उचलला.

"हे रक्त माह्यं नाही, आई," ती म्हणाली. "मी वाहक निघीन म्हणून भेली होती. माह्या नावानं माही मैत्रीण रक्त देऊन आली."