आपोआप

सुधाकरने संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीच्या मोटरीला ऑटो बसवला होता. लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायला हवी, पण चार दिवसांपासून ऑटो लागतच नव्हता. त्या सकाळी लाइट गेल्यावर त्याने तो स्वतःच खोलून दुरुस्त केला आणि कोणाला न सांगता सौंसरच्या बाजाराला गेला.

बाजारात शेजारची देवकाबाई भेटली. म्हणाली, "तुहा गुणवंता विहिरीत उतरला बाप्पा! मोटरीची वायर खोलून जोडून राहिला."

ऑटो बिघडलेलाच आहे, या भरवशावर धाकटा भाऊ उतरला असणार. तेवढ्यात समोरची बंद पडलेली चक्की घरघरू लागली. लाइट आली होती.

ओळखीच्या दुकानदाराची सायकल ओढून तो जिवाच्या आकांताने निघाला. बगीच्यात शिरला, तर पाटातून पाणी खळखळत होतं. मोटर चालू होती!

"गुणवंता! अरे बोल ना रे!" विहिरीत वाकून त्याने हाक मारली. ओ आली नाही. तो काठावर मटकन बसला.

मागून खांद्यावर एक ओला हात पडला.

"काहून बोंबलून राहिला, दादा? मी खाली होतो तवाच लाइट आली, पण तुहा ऑटो काही लागला नाही. वर येऊन हातानंच चालू केली."