एकही भोक न पाडता

अलिबागेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या रत्नपालपुढे परेशने आजोबांच्या वेळची लष्करी रायफल ठेवली. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी तिच्यावर दुर्बीण बसवायची होती. सोबत आलेली त्याची आई ठमाबाई स्टूल ओढून समोरच बसली.

"भोक पाडायचं न्हाय," ती म्हणाली. "दसऱ्याला पूजा होते हिची. सासऱ्यांनी जाताना माझ्या नवऱ्याकडून तशी शपथ घेतली होती. ह्यांनी मरेपर्यंत पाळली."

"नाही पाडत, मावशी. नेम धरायची मागची पट्टी काढतो आणि तिच्या जागी दुर्बिणीची पकड आवळतो."

रत्नपालने पट्टी काढली आणि थबकला. खालच्या लोखंडात दोन भोकं होती, मेणाने बुजवून वर काळं बूटपॉलिश चोळलेली. परेशलाही ती दिसली. त्याने आईकडे पाहिलं, मग रत्नपालकडे पाहून हळूच हात जोडले.

रत्नपालने मेण कोरून काढलं. मग त्याच भोकांत पकडीचे स्क्रू आवळले. दुर्बीण जागची हलेना.

"झालं, मावशी. मी एकही भोक पाडलं नाही."

"मेण सगळं निघालं ना?" ठमाबाईने विचारलं.

दोघांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"असं काय बघता? परेशचा बाप ड्रिल मारत होता तेव्हा रायफल मीच दाबून धरली होती. पॉलिशही माझ्याच हातचं हाय."