अख्खी भाकरी

एरवी दोन भाकरी खाणारी श्रेया दिवाळीनंतर पाचोडला माहेरी आली, ती तीन घासांवरच थांबायला लागली. जेवताना पाण्याच्या तांब्यालाही हात लावीना. दर खेपेला आणखी वाळलेली दिसायची. "पित्त झालंय माय," एवढंच सांगायची. लेकीला मोठं दुखणं लागलं, असं धरून द्वारकाबाई देवीला नवस बोलल्या, 'लेक अख्खी भाकरी खाईल, त्याच दिवशी मी भाकरी खाईन.' सात महिने त्या भगरीवर होत्या.

आज बजाजनगरला लेकीच्या घरी त्यांनी तिच्या ताटात चतकोर भाकरी वाढली, तसा विहीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"आग्रह नका करू. दिवाळीआधीच वजनाचं ऑपरेशन झालं ना तिचं. वाटीभरच पोट ठेवलंय. जेवल्यावर पाणीसुद्धा अर्ध्या तासानं. अख्खी भाकरी आता जन्मात जायची नाही तिला. तुम्हाला बोलली नाही?"

श्रेया खाली मान घालून तोच घास चावत राहिली.

द्वारकाबाईंनी चतकोर उचलून परत दुरडीत ठेवली.

"श्रेये, मी नवस बोलले तवा देवीची ओटी तूच भरली व्हतीस ना?"